ग्वाटेमालात नव्याने आलात? आधी तारीख बघा, मग ताट वाढून घ्या

ग्वाटेमालात कुणाला ‘इथे चांगलं काय मिळतं?’ असं विचारलंत तर समोरचा तुम्हाला एखाद्या पिझ्झाच्या दुकानाचा पत्ता देईल. ‘आज काय आहे?’ असं विचारा. या देशात पदार्थ वारावर आणि तिथीवर चालतात. तामाल शनिवारी, पाचे गुरुवारी, सुका मासा उपवासाच्या चाळीस दिवसांत, फियांब्रे एक नोव्हेंबरला आणि पोंचे डिसेंबरच्या थंडीत. तारीख चुकली की पदार्थ चुकला. त्याच नावाचं काहीतरी एरवीही हॉटेलात मिळतं, पण त्यात मजा नाही.

इथे येणारे मराठी लोक साधारण तीन तऱ्हेचे. स्पॅनिश शिकायला अँटिग्वा किंवा केत्साल्तेनांगोला येणारे, राजधानीत नोकरीसाठी किंवा एखाद्या संस्थेच्या कामासाठी येणारे, आणि पाठीवर पिशवी टाकून फिरणारे. (हे अँटिग्वा म्हणजे क्रिकेटमधलं कॅरिबियन बेट नव्हे. ग्वाटेमालाची ही जुनी राजधानी. १७७३च्या भूकंपानंतर राजधानी हलली आणि हे शहर मागे राहिलं.) भाषाशाळांमधले बरेच विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहतात, तीन वेळचं जेवण त्या घरीच होतं. तशी सोय मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. खाली सांगितलेल्या निम्म्या गोष्टी त्या घरातच कळतील.

पायरी पहिली : कोमेदोर गाठा

पहिल्या आठवड्यात पर्यटकांच्या चौकातली हॉटेलं टाळा आणि कोमेदोर शोधा. कोमेदोर म्हणजे घरगुती खाणावळ. चार-सहा टेबलं, दारात फळा, त्यावर खडूने लिहिलेलं दुपारचं जेवण. आधी पातळ सूप येतं, मग एक मुख्य पदार्थ, भात, फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या छोट्या भाकऱ्या, आणि ग्लासभर ‘फ्रेस्को’, म्हणजे सरबत. फ्रेस्को बहुधा तीनपैकी एक असतं : लाल अंबाडीच्या फुलांचं, चिंचेचं, किंवा तांदूळ-दालचिनीचं ओर्चाता. अंबाडीचं मागा. आंबटगोड, गडद लाल, आणि दुपारच्या उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

तोर्तिया म्हटल्यावर डोळ्यांसमोर ते पातळ, मोठं, पाकिटातलं प्रकरण आणू नका. इथली तोर्तिया तळहाताएवढी, जाडसर, हातावर थापलेली. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन दळतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन थापता येतं, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व, जे एरवी अंगी लागत नाही, ते मोकळं होतं. गल्लोगल्ली ‘तोर्तियेरिया’ असतात. तिथे दोन-तीन बायका मोठ्या तव्याभोवती उभ्या राहून सकाळ, दुपार, संध्याकाळ टाळ्या वाजवल्यासारखा थापण्याचा आवाज करत असतात. भाकरी खाऊन मोठा झालेला माणूस या देशात उपाशी राहणार नाही, कारण गरम तोर्तिया, मीठ आणि बाजूला काळ्या घेवड्याची उसळ हे इथलं रोजचं अन्न आहे. काळा घेवडा तीन रूपांत भेटेल : अख्खा रस्सेदार, गाळून पातळ केलेला, आणि तव्यावर परतून परतून लाडवासारखा गोळा झालेला. तिसरा प्रकार न्याहारीला अंडी, तळलेली राजेळीसारखी मोठी केळी, चीज आणि साय यांच्याबरोबर येतो.

टेबलावरचे दोन रिवाज लगेच शिकून घ्या. कुणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून जात असाल, तर ओळख नसली तरी ‘बुएन प्रोवेचो’ म्हणायचं. आणि आपलं जेवण संपलं की उठताना सगळ्यांना ‘मुचास ग्रासियास’ म्हणायचं. स्वयंपाक केलेल्या बाईलाच नाही, बरोबर जेवलेल्या सगळ्यांना. मग ते उत्तरात ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात. हे न म्हणता उठणारा परदेशी घरच्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

नळाचं पाणी पिऊ नका. घरोघरी मोठा जार असतो, तोच वापरा. बाजारातली कापलेली फळं आणि कच्ची कोबी पहिले काही दिवस लांब ठेवा, पोट रुळू द्या.

शाकाहारी असाल तर आधी हे वाचा

‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. इथे ‘कार्ने’ म्हटलं की माणसाच्या मनात गोमांस येतं. त्यामुळे तुम्हाला कोंबडी वाढली जाईल, तीही अगदी प्रेमाने. पूर्ण यादी म्हणा : नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही.

एवढ्यानेही खरी अडचण सुटत नाही. ती आहे ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी. तामालच्या पिठात ती असते, परतलेल्या घेवड्यात असू शकते, काही पावांतही असते. भातात आणि सूपमध्ये कोंबडीच्या चवीची पूड सर्रास पडते. विचारायचं वाक्य : ‘येवा मांतेका?’ बहुतेक लोक खरं सांगतात. काही जणी मात्र ‘थोडीशीच आहे हो’ असं समजूत काढल्यासारखं म्हणतात. त्या थोडीशीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्यातल्या त्यात भरवशाचे पदार्थ सांगते. रेयेनितो : उकडलेल्या पिकल्या केळ्याच्या लगद्यात गोड घेवडा भरून तळलेला लांबट गोळा, वर साखर. आतोल दे एलोते : कोवळ्या मक्याची गरम, गोडसर खीर, कपातून प्यायची. तोस्तादा : कुरकुरीत तळलेली तोर्तिया, वर ग्वाकामोल, म्हणजे अव्होकाडोचा ठेचा. भाजलेलं कणीस, मीठ-लिंबू लावून. रेयेनितोतला घेवडा कशात परतलाय तेवढं विचारून घ्या.

पायरी दुसरी : शनिवारी लाल दिवा शोधा

शनिवारी संध्याकाळ झाली की वस्तीतल्या काही घरांबाहेर लाल दिवा लागतो. गैरसमज नको, त्या घरी तामाल विकायला आहेत एवढाच त्याचा अर्थ. सणांच्या मोठ्या दुनियेत शिरायचं सोपं दार हेच, कारण नाताळात जो पदार्थ घरोघर होतो त्याची दर आठवड्याची आवृत्ती इथे मिळते.

तामाल म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या मऊ पिठाचा गोळा. मध्ये ‘रेकादो’ नावाचं लाल वाटण आणि डुकराचा किंवा कोंबडीचा तुकडा, वर एखादं ऑलिव्ह आणि लाल ढोबळी मिरचीची पट्टी. हे सगळं माशान नावाच्या रुंद हिरव्या पानात गुंडाळून सिबाके या गवती दोरीने बांधतात आणि वाफवतात. वाटणात टोमॅटो, सुक्या मिरच्या, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि रंगाला आचियोते, म्हणजे आपल्याकडे शेंदरी म्हणतात त्या झाडाचं बी.

खायची रीत : दोरी सोडा, पान ताटातच उलगडा आणि त्याच पानाचं ताट करा. पान खायचं नाही. वर लिंबू पिळा, बरोबर साधा पाव आणि कॉफी किंवा गरम चॉकलेट घ्या. काळा तामालही असतो. त्याचं वाटण चॉकलेट, मनुका, सुका आलूबुखार घालून गोड केलेलं. पहिल्या घासाला गोड आणि मांस एकत्र आल्यावर अनेक जण नाक मुरडतात. मला तो लालपेक्षा जास्त आवडतो, पण एकदम दोन घेऊ नका.

चुचितो हा छोटा, घट्ट भाऊ, मक्याच्या कणसाच्या सालीत बांधलेला, रोज रस्त्यावर मिळणारा. पाचे बटाट्याचे असतात. ते केत्साल्तेनांगोकडचे आणि वार गुरुवार. त्या शहराला सगळे ‘शेला’ म्हणतात. तिथे समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर संध्याकाळी बोचरी थंडी पडते, आणि वाफाळलेला पाचे हातात आला की वाराचा नियम आपोआप पटतो.

पायरी तिसरी : उपवासाचे चाळीस दिवस आणि सेमाना सांता

वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या वाचकांना उपवासकाळ आणि गुड फ्रायडे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी : ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता. तो मार्च-एप्रिलमध्ये येतो, तारीख दरवर्षी बदलते. ग्वाटेमालाचा सेमाना सांता २०२२मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. अँटिग्वाची खोली काही महिने आधी राखून ठेवा. ते जमलं नाही तर राजधानीत राहा. तिथल्या मिरवणुकाही प्रचंड असतात आणि परदेशी गर्दी कमी.

पण थेट त्या आठवड्यातच येऊ नका, जमलं तर आधीच्या रविवारांपासून सुरुवात करा. उपवासकाळात वेगवेगळ्या चर्चमध्ये ‘वेलासियोन’ होते. मूर्ती वेदीसमोर आणून मांडतात, पुढे जमिनीवर रंगीत भुशाचा गालिचा, आणि कडेने भाज्या, फळं, पाव रचलेली बाग. आत धूप आणि कोरोसो या ताडफुलाचा उग्र गोड वास. बाहेर अंगणात खाण्याच्या गाड्यांची रांग. आत जाऊन शांतपणे दर्शन घ्या, बाहेर येऊन पोट भरा. स्थानिक लोक हेच करतात.

आता गालिच्यांविषयी, कारण ते बघायचे कसे हे कुणी सांगत नाही. मिरवणुकीच्या वाटेवरची कुटुंबं आपल्या दारासमोरच्या दगडी रस्त्यावर आदल्या रात्री कामाला लागतात. आधी दगडांमधल्या खाचा वाळूने किंवा साध्या भुशाने भरून सपाटी करायची. मग रंगवलेला लाकडाचा भुसा पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या साच्यातून चाळायचा, एक रंग झाला की दुसरा साचा. नक्षीवर पाय पडू नये म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना आधार देऊन आडव्या फळ्या टाकतात, आणि त्या फळ्यांवर पोटावर पडून मधलं काम होतं. भुसा उडू नये म्हणून अधूनमधून पाण्याचा फवारा. कुणी पाइनच्या सुया अंथरून त्यावर फुलं रचतो, कुणी अख्ख्या भाज्या. पहाटे तो पूर्ण होतो. मग मिरवणूक येते आणि काही मिनिटांत तो तुडवून निघून जाते. तिच्या मागोमाग सफाईवाले फावडी आणि गाडी घेऊन हजर, रस्ता पुन्हा उघडा. तेव्हा गालिचे बघायचे असतील तर मिरवणूक निघण्याआधी, तिच्या वाटेवरून पुढून चालत जा. तिच्या मागे गेलात तर नुसता रंगीत चिखल दिसेल. गुड फ्रायडेला ला मेर्सेद चर्चची मिरवणूक पहाटे अंधारातच निघते, म्हणजे तुम्ही मध्यरात्रीनंतर रस्त्यावर हवे.

मूर्तीचा लाकडी मंच, ‘आंदा’, इतका मोठा असतो की ऐंशी-शंभर माणसं तो एका वेळी खांद्यावर घेतात. दर चौकात खांदेकरी बदलतात. आपली पाळी आधी पैसे भरून नोंदवलेली असते. खांदेकरी पुरुषांना कुकुरुचो म्हणतात. अँटिग्वात त्यांचा झगा जांभळा, आणि गुड फ्रायडेच्या दुपारी तीननंतर काळा. मेरीमातेची मूर्ती बायका उचलतात. मागून बँड शोकगीतांच्या चाली वाजवत येतो. मंचाच्या बाजूने लांब काठ्या घेतलेली माणसं विजेच्या तारा वर उचलत चालतात. त्यांच्याकडे बघा, फार कौशल्याचं काम आहे.

खाणं : बाकालाओ, म्हणजे खारवलेला कॉड मासा टोमॅटो, बटाटे आणि ऑलिव्ह घालून. अंड्यात घोळवून तळलेला सुका मासा. गोडात मोयेते, म्हणजे आत दुधाचं घट्ट सारण भरून अंड्यात बुडवून तळलेला आणि पाकात मुरवलेला गोड पाव. पाकातले काबुली चणे. दुधाच्या सारणाच्या एम्पानादा, म्हणजे करंज्या. मांस वर्ज्य असल्यामुळे शाकाहाऱ्याला हा काळ त्यातल्या त्यात बरा, मासे तेवढे चुकवा. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात शेजाऱ्यांना पावाच्या टोपल्या पाठवायची पद्धत आहे. तुमच्या यजमानांकडे आली तर एक तुकडा मधाबरोबर खाऊन बघा.

पायरी चौथी : एक नोव्हेंबर

वर्षातला एकच दिवस ग्वाटेमालात घालवायचा असेल तर मी हा निवडेन. त्या दिवशी घरोघर फियांब्रे असतं. ही थंड, मिसळीची कोशिंबीर म्हणावी अशी गोष्ट. भाज्या वेगवेगळ्या उकडून व्हिनेगरच्या रसात मुरवायच्या : गाजर, फरसबी, कोबी, फ्लॉवर, वाटाणे, छोटी मक्याची कणसं, पाकाया नावाच्या ताडाचा कडवट फुलोरा. मग त्यात सॉसेजचे प्रकार, कोंबडी, हॅम, कोळंबी, सार्डिन, चीज, ऑलिव्ह, उकडलेली अंडी. पन्नास जिन्नस पडले तरी कुणाला नवल वाटत नाही. बीट घातलं तर लाल फियांब्रे, नाही घातलं तर पांढरं, आणि यावरून घराघरांत वाद. काही घरी जिन्नस न मिसळता वेगवेगळे मांडतात. बिनमांसाचंही करतात, पण ते आधी सांगून ठेवायला हवं.

हे काम दोन-तीन दिवसांचं आहे आणि स्वस्त नाही. कुटुंबात आधीपासून वाटणी ठरते, कोण भाज्या चिरणार, कोण रस करणार. नवख्याने मदतीला जावं. तुम्हाला बहुधा गाजर चिरायला देतील. चिरण्याचा आकार घरच्या बायका म्हणतील तसाच ठेवा. तयार झालं की शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना वाडगे जातात आणि त्यांचे येतात. कुणाचं फियांब्रे कसं होतं यावर पुढचा आठवडाभर चर्चा चालते. यजमान नसतील तर हॉटेलांमध्ये आणि काही घरांत ते वजनावर विकत मिळतं. चार दिवस आधी सांगून ठेवा.

सकाळी मात्र स्मशानात जायचं. सांतियागो साकातेपेकेस आणि सुम्पांगो या दोन गावांत त्या दिवशी महाकाय पतंग उभे करतात. बांबूचा सांगाडा, त्यावर पातळ रंगीत कागद नुसता चिकटवून केलेली नक्षी. तरुणांचे गट काही महिने रात्री जागून ती करतात. सर्वांत मोठे पतंग दहा-पंधरा मीटरच्या वर जातात, ते उडत नाहीत, दोर लावून उभे करतात. लहान पतंग उडतात. वाऱ्याने कागद फडफडतो त्या आवाजाने दुष्ट आत्मे पळतात, असं मानतात. अनेक पतंगांवर मजकूरही असतो : माया या मूळ रहिवाशांचे हक्क, जंगलतोड, परदेशी गेलेली माणसं. पतंग करण्याचं हे कसब २०२४मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

सांतियागोत हे सगळं स्मशानाच्या आत चालतं. सुम्पांगोत जागा मोठी आहे, खुर्च्या मिळतात, गर्दीची भीती वाटत असेल तर तिथे जा. सांतियागोत कबरींवर पाइनच्या सुया आणि झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या असतात. झेंडू मूळचा याच भागातला. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो फार नंतर आला. लोक कबरीशेजारी चादर टाकून जेवतात, पोरं धावत असतात, कुणी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पेय ओतून ठेवतं. मातीच्या उंचवट्यावर पाय देऊ नका, त्या कबरीच आहेत. कुटुंबाचा फोटो काढायचा तर विचारा. दुपारी तीननंतर परतीच्या गाड्या भरतात, तेव्हा दोनला निघा किंवा सरळ संध्याकाळपर्यंत थांबा. गोड म्हणून त्या दिवशी पाकातला भोपळा मिळतो, गुळासारख्या पानेलात दालचिनी घालून शिजवलेला. तो सोडू नका.

पायरी पाचवी : सात डिसेंबरपासून नाताळापर्यंत

सात डिसेंबरला संध्याकाळी सहा वाजता घराघरांसमोर सैतान जाळतात. वर्षभराचा कचरा आणि वर कागदी लाल सैतान. हल्ली प्लास्टिक जाळू नका असं आवाहन करतात आणि बरेच जण आता नुसता सैतानच जाळतात. जरा लांबून बघा, आत फटाके असतात. नंतर पाकातले बुन्युएलो, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि पोंचे, म्हणजे फळांचं गरम पेय.

पोंचे घरी करून बघा, सगळं पुण्या-नाशकात मिळतं. अननस, सफरचंद, अर्धी कच्ची पपई, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मूठभर मनुका, सुके आलूबुखार, दालचिनी, दोन लवंगा, चवीला गूळ. फळं बारीक चिरून भरपूर पाण्यात मंद आचेवर तासभर. फळांसकट कपात द्यायचं, चमचा लागतो. मोठी माणसं त्यात रम घालतात.

सोळा ते चोवीस डिसेंबर पोसादा. मेरी आणि जोसेफच्या मूर्ती घेऊन मिरवणूक दारोदार आसरा मागत जाते, कासवाच्या रिकाम्या कवचावर काठीने ठेका धरतात. शेवटच्या घरी दार उघडतं आणि खाणं होतं. तुम्ही मागोमाग चालत गेलात तर तुम्हालाही कप मिळेल. घरात जमिनीवर पाइनच्या सुया पसरतात, पिवळ्या मांसानिया फळांच्या माळा लावतात आणि ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात. बाळ येशू मात्र चोवीसच्या मध्यरात्रीच ठेवतात.

जेवणही मध्यरात्रीच. संध्याकाळी सातला भूक लागणाऱ्यांनी काहीतरी खाऊन जावं. बाराच्या ठोक्याला सगळं शहर एकदम फटाके लावतं. राजधानीत धुराने समोरचं दिसत नाही. मग मिठ्या, मग तामाल. पंचवीसला दुपारी बाराला पुन्हा फटाके. आमंत्रण आलं तर द्राक्षं आणि सफरचंदं घेऊन जा, त्या दिवसांत तीच भेट देतात.

जाता येता गाठायच्या तारखा

१५ जानेवारीला होंडुरासच्या सीमेजवळच्या एस्कीपुलासला काळ्या ख्रिस्ताची यात्रा. गर्दीची सवय असेल तरच. १५ ऑगस्टला राजधानीत होकोतेनांगोची जत्रा : चुरो (पिठाच्या तळलेल्या गोड कांड्या), गार्नाचा (खिमा घातलेल्या छोट्या तळलेल्या तोर्तिया), दुधाच्या आणि खोबऱ्याच्या मिठाया. १४ सप्टेंबरला शाळांची मुलं मशाली घेऊन धावतात आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्यावर पाणी उडवतात. दुसऱ्या दिवशी १८२१च्या स्वातंत्र्याचा सण. २१ डिसेंबरला चिचीकास्तेनांगोत संत थॉमसचा उत्सव, उंच खांबावरून दोराने फिरत खाली येणारी माणसं.

२६ नोव्हेंबरला लिव्हिंगस्टनला गारिफुना लोकांचा दिवस. गाव कॅरिबियन किनाऱ्यावर आहे, तिथे बोटीनेच जाता येतं. इंग्रजांनी १७९७मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून दिलेल्या लोकांचे हे वंशज. ढोल, नाच आणि ‘तापादो’ : नारळाच्या दुधात मासे, खेकडा, कोळंबी आणि केळं. कोकणातल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या कोबानला गेलात तर काकिक घ्या, टर्कीचं लाल, तिखट सूप. तो सगळा प्रदेश वेलदोड्याचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन बागायतदारांनी आशियातून रोपं आणून लावली, आणि आज ग्वाटेमाला जगात सर्वांत जास्त वेलदोडा निर्यात करतो. जातो बहुतेक अरब देशांत. पिकवणाऱ्यांच्या स्वयंपाकात तो जवळजवळ नसतोच. चहासाठी मूठभर विकत घेतलात तर विकणारी बाई कुतूहलाने विचारेल, याचं करता काय?

पायरी सहावी : घरी पेपियान

पेपियान (भाजलेल्या बिया-मिरच्यांचा दाट रस्सा), होकोन (कोंबडीचा हिरवा रस्सा), काकिक आणि मोले केळी (चॉकलेटच्या रश्शातली केळी) या पदार्थांना २००७मध्ये सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. त्यातलं पेपियान आपल्याला सर्वांत सोपं, कारण भाजून वाटण करणं आपल्या हातात बसलेलं असतं. लग्नात, वाढदिवसाला, संताच्या उत्सवाला होतं ते हेच. मूळ कोंबडीचं, खाली भाज्यांचं देते, चार जणांना पुरेल.

भोपळ्याच्या सोललेल्या बिया शंभर ग्रॅम आणि तीळ पन्नास ग्रॅम कोरडेच, वेगवेगळे भाजा. बिया फुगून तडतडल्या की उतरवा, करपल्या तर कडू होतात. तिथे चिले ग्वाके आणि चिले पासा या सुक्या मिरच्या वापरतात. आपल्याकडे पाच-सहा ब्याडगी घ्या, बिया काढा आणि तव्यावर गडद होईपर्यंत परता. सहा टोमॅटो, एक कांदा, चार लसूण पाकळ्या अख्ख्याच तव्यावर ठेवून सालीला काळे डाग पडेपर्यंत भाजा. बोटभर दालचिनी त्याच तव्यावर गरम करून घ्या. शेवटी एक शिळी तोर्तिया किंवा पावाचा तुकडा चांगला तपकिरी करा, त्याने रस्सा दाट होतो. मिरच्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून सगळं एकत्र बारीक वाटा.

बटाटा, गाजर, फरसबी आणि विस्कील ही तिकडची दुधीसारखी भाजी (नसेल तर दुधी) मोठ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवा. तेच पाणी घालून वाटण सैल करा आणि मंद आचेवर वीस मिनिटं ढवळत ठेवा. बिया-तीळ बुडाला लागतात, पळी थांबवू नका. मग भाज्या सोडा आणि त्या मऊ होईपर्यंत शिजवा. रंग विटकरीपेक्षा गडद, चॉकलेटकडे झुकणारा यायला हवा. लाल राहिला तर टोमॅटो आणि पाव कमी भाजले गेले. गरम मसाला, हळद, कोथिंबीर काहीही घालू नका, हात आवरा. साध्या भाताबरोबर वाढा. मक्याची तोर्तिया जमत नसेल तर मक्याची भाकरी चालते. उरलं तर सकाळी पाणी घालून गरम करा, रात्रीतून घट्ट झालेलं असतं.